तोच नमस्कार, तीच उशी : आतिथ्याच्या प्रमाणभाषेविषयी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक माजी विद्यार्थी भेटायला आला होता. जिंतूर तालुक्यातील एका लहान गावचा हा मुलगा. आमच्याकडे मराठी घेऊन पदवीधर झाला, पुढे हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम केला आणि आता एका पंचतारांकित हॉटेलसाखळीच्या महानगरातील हॉटेलात, फ्रंट ऑफिसला नोकरी करतो. विभागाच्या दारात उभे राहून त्याने उजवा तळहात छातीवर ठेवला, मान किंचित लववली आणि मग स्वतःच हसून म्हणाला, "सवय झाली सर."

चहा झाला, जुन्या गोष्टी झाल्या. निघताना तो घुटमळला आणि त्याने एक प्रसंग सांगितला. काही दिवसांपूर्वी त्याच्या काउंटरपुढे एक वृद्ध जोडपे येऊन उभे राहिले. मुलाने हौसेने दोन रात्रींसाठी खोली घेऊन दिलेली. धोतर, नऊवारी, हातात पिशवी. नियमानुसार याने आधी ठरलेल्या इंग्रजी शब्दांत स्वागत केले, मग हिंदीत. आजीबाई त्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "कोणत्या गावचा रे लेकरा?" याच्या तोंडून निघून गेले, "जिंतूरकडचा, आजी. बसा, पानी घ्या आधी." मग तो काउंटरच्या बाहेर आला, दोघांना बसवले, स्वतः पाणी आणून दिले, दाराला लावायचे कार्ड कसे लावतात ते खोलीपर्यंत जाऊन दाखवले. संध्याकाळी वरिष्ठांनी त्याला बोलावले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तू प्रेमाने वागलास, पण प्रमाणानुसार वागला नाहीस. उद्या हीच मंडळी आपल्या जयपूरच्या हॉटेलात उतरली तर तिथे त्यांना असे बोलणारा कोण भेटणार? आपण एका ठिकाणी जे देतो ते सगळीकडे देता आले पाहिजे."

"सर, माझं चुकलं का?" असे विचारून तो माझ्याकडे पाहू लागला.

मी त्या वेळी घाईने "अजिबात नाही" असे म्हणून गेलो. पण तो गेल्यानंतर लक्षात आले की ते उत्तर शिक्षकाचे नव्हते, गाववाल्याचे होते. वरिष्ठांनी मांडलेला मुद्दा बाळबोध नाही. त्याला उत्तर द्यायचे तर आधी तो नीट समजून घेतला पाहिजे. प्रस्तुत लेख हा तसा प्रयत्न आहे. मराठीच्या अध्यापकाने पंचतारांकित हॉटेलांविषयी काय लिहावे, असे कोणी म्हणेल. पण हा प्रश्न माझ्या मते मुळात भाषेचाच प्रश्न आहे, आणि म्हणून आपल्या अंगणातला आहे.

हॉटेल एकटे असते तेव्हा त्याला स्वभाव असतो. त्याची साखळी झाली की त्याला व्याकरण लागते. याचे सर्वांत परिचित उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. मुंबईचे ताजमहाल हॉटेल डिसेंबर १९०३ मध्ये उघडले. त्यानंतरची जवळजवळ सात दशके 'ताज' या शब्दाचा अर्थ अपोलो बंदरावरची ती एक घुमटाची इमारत असाच होता. १९७० च्या दशकाच्या आरंभी उदयपूरचा लेक पॅलेस आणि जयपूरचा रामबाग पॅलेस हे राजवाडे कंपनीकडे आले, १९७४ मध्ये गोव्यात अग्वाद किल्ल्यालगतचे हॉटेल सुरू झाले, आणि मग शहरोशहरी हा विस्तार होत गेला. तळ्यातला महाल, समुद्रकाठचा किल्ला आणि व्यापारी शहरातील काचेची इमारत यांत समान असे काय असणार? दगड वेगळा, हवा वेगळी, जेवण वेगळे. समान असू शकते ते फक्त नाव, आणि त्या नावामागचे वचन. पाहुण्याने अनोळखी गावात उतरताना ओळखीची खात्री बाळगावी, हे ते वचन होय.

हे वचन पाळण्यासाठी जे करावे लागते त्याचा तपशील माझ्या विद्यार्थ्याकडून ऐकताना मला व्याकरणाच्या पुस्तकाची आठवण होत होती. फोन तिसऱ्या घंटेच्या आत उचलायचा. पाहुणा दहा फुटांवर असताना नजर द्यायची, पाच फुटांवर आला की अभिवादन करायचे. पलंगावरची चादर किती घट्ट, उशी कोणत्या दिशेने, पेला कोणत्या हाताला, या सगळ्याचा नियम आहे, आणि त्याला त्यांच्या व्यवहारात 'एसओपी' म्हणतात. तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी ओळख लपवून एक परीक्षक पाहुणा म्हणून उतरतो, सगळे अनुभवतो आणि निघून गेल्यावर गुण देतो. हॉटेलला तारे देण्याचे काम केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती करते. पण ते तारे इमारतीच्या आणि सोयींच्या किमान पात्रतेविषयी सांगतात. साखळीचे वचन त्याच्या पलीकडे सुरू होते आणि ते पूर्णपणे माणसांच्या वागण्यावर अवलंबून असते.

नावाचे वचन किती नाजूक असते हेही ताजच्याच इतिहासात दिसते. २००४ मध्ये याच कंपनीने बंगळुरूत स्वस्त दराचे हॉटेल काढले तेव्हा त्याला ताजचे नाव दिले नाही. ते पुढे 'जिंजर' झाले. २०१० मध्ये 'विवांता' हे वेगळे नाव आणले. २०१७ मध्ये विवांता आणि गेटवे ही नावे मोडीत काढून सगळ्यांना पुन्हा 'ताज' या एका छत्राखाली घेण्याचे ठरले, आणि दोनेक वर्षांतच तो निर्णय फिरवून विवांता हे नाव परत वेगळे उभे करण्यात आले. आपल्या मराठवाड्यातील, छत्रपती संभाजीनगरचे, पूर्वी ताज रेसिडेन्सी म्हणून माहीत असलेले हॉटेल आज विवांता आहे. ही केवळ पाट्यांची अदलाबदल नव्हे. एका नावाखाली किती भिन्नता सामावते, आणि कोणत्या क्षणी त्या नावाचा अर्थच पातळ होतो, हा शब्दार्थाचा प्रश्न तिथे व्यवस्थापकांना सोडवावा लागत होता. शब्दाचा अर्थविस्तार आणि अर्थऱ्हास आपण वर्गात शिकवतो तो याहून वेगळा नाही.

साखळीविना सारखेपणा ही गोष्टही आपल्याला नवी नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी उडुपी हॉटेलात बसावे. इडलीचा आकार, सांबाराचा वास, स्टीलच्या वाटीतली चटणी यांची खात्री असते. त्यामागे कुठलीही एक कंपनी नाही, छापील नियमावली नाही. तिथला सारखेपणा उमेदवारीतून आला. पोरगा आधी टेबल पुसतो, मग वाढतो, मग भट्टीपाशी उभा राहतो आणि वर्षानुवर्षांनी गल्ल्यावर बसतो. विठ्ठल कामत यांचे 'इडली, ऑर्किड आणि मी' हे आत्मकथन मराठी वाचकाने उचलून धरले, त्याचे एक कारण या धंद्यातील हातांनी शिकण्याचे मोल त्यात दिसते हेही असावे. म्हणजे सारखेपणाचे दोन मार्ग झाले. एक पाठ केलेल्या नियमाचा, दुसरा अंगी मुरलेल्या रीतीचा. पहिला लवकर पसरतो, दुसरा सावकाश. आलिशान हॉटेलसाखळीला वेग पहिल्याचा हवा असतो आणि परिणाम दुसऱ्याचा.

आता भाषेकडे वळू. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले. त्यांच्यामुळे परभणीच्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका पुण्याच्या परीक्षकाने तपासली तरी मोजमाप एकच राहील अशी सोय झाली. प्रमाणभाषेचे हे उपकार नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याच प्रमाणाने आमच्या वर्गातील मुलांना हेही शिकवले की 'काय करायलाव', 'कामून' ही घरची बोली म्हणजे चूक. सोय आणि हिणकसपणाचा शिक्का एकाच टपालाने आले. हॉटेलातील 'प्रमाण' हे माझ्या दृष्टीने आतिथ्याची प्रमाणभाषा आहे आणि तिच्याविषयी आपली भूमिकाही तशीच दुहेरी असली पाहिजे. तिचे ऋण मानावे आणि तिने काय पुसून टाकले तेही मोजावे.

ऋण आधी मानतो, कारण आपल्या लेखनात ते सहसा मानले जात नाही. आपल्या पाहुणचाराविषयी आपण फार हळवेपणाने बोलतो. तांब्याभर पाणी, गुळाचा खडा, 'या, बसा' म्हणणारा ओटा, अतिथीला देव मानण्याची उपनिषदातील शिकवण, ही सगळी चित्रे खरी आहेत. पण ती अर्धी आहेत. ओट्यावर कोणी बसायचे आणि अंगणात कोणी उभे राहायचे, तांब्या कोणाच्या हाती द्यायचा आणि ओंजळीत पाणी वरून कोणाला ओतायचे, हेही त्याच पाहुणचाराचे नियम होते. तेही नियमच, फक्त लिहिलेले नव्हते. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त चहाच्या हॉटेलातील वेगळ्या कपाचा प्रसंग येतो. तो वाचलेल्या माणसाला 'प्रत्येक पाहुण्याला तोच पेला, तोच नमस्कार' हे वाक्य यांत्रिक वाटू नये. त्या वाक्यात एक सामाजिक क्रांती दडलेली आहे, जरी ते कंपनीच्या नफ्यासाठी लिहिलेले असले तरी.

ताजविषयी एक आख्यायिका वारंवार सांगितली जाते. गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या वॉटसन हॉटेलात जमशेटजी टाटांना प्रवेश नाकारला गेला, म्हणून त्यांनी स्वतःचे हॉटेल बांधले, अशी ती कथा. अभ्यासक तिच्या खरेपणाविषयी शंका घेतात आणि ती शंका रास्त आहे. पण आख्यायिका घटना म्हणून खोटी असली तरी इच्छा म्हणून खरी असू शकते. लोकांना हॉटेलाच्या जन्मकथेत जे हवे होते ते असे, की दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा पाहून दार उघडायचे की नाही हे ठरू नये. लहरीपासून मुक्ती हा प्रमाणाचा खरा अर्थ आहे. ज्याला मागता येत नाही, ज्याला हक्काने बोलावता येत नाही, ज्याला कोणता काटा कधी उचलायचा हे माहीत नाही, त्याचे रक्षण नियमच करू शकतो. सराईत माणूस नियमाविनाही आपले करून घेतो.

नेमके याच कसोटीवर मला एक जुना अनुभव आठवतो. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या आयोजकांनी मला एका नामांकित साखळीच्या हॉटेलात उतरवले होते. त्यांच्या गाडीतून उतरलो, दार उघडले गेले, हातात थंड रुमाल आला, सगळे नाव घेऊन बोलत होते. दोनेक वर्षांनी दुसऱ्या शहरात त्याच साखळीच्या हॉटेलात एका जुन्या सहकाऱ्यांच्या मुलीच्या लग्नाचा स्वागतसमारंभ होता. शहर बसने गेलो, पुढे पावसात थोडे चाललो, खांद्याला शबनम, पायात भिजलेल्या चपला. फाटकावर विचारणा झाली, "कोणाकडे काम आहे?" आणि उत्तर पुरते ऐकण्याआधीच बाजूच्या, सामान आत घेण्याच्या दाराकडे बोट दाखवले गेले. निमंत्रणपत्रिका काढून दाखवल्यावर माफी मागितली गेली, तीही अत्यंत प्रमाणबद्ध शब्दांत. आत गेलो तर दिवाणखान्यातला सुगंध तोच होता, फुलांची मांडणी तीच होती, रुमालाची घडीसुद्धा तीच होती. दोन शहरांत काडीचा फरक नव्हता. फरक होता तो माझ्या चपलांत.

मला अपमानाचे भांडवल करायचे नाही. फाटकावरचा तो माणूस बहुधा कंत्राटी होता, आणि त्याला कोणी काय शिकवले होते हे सांगता येते. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण त्या दिवशी मला सेवेच्या सातत्याची खरी व्याख्या सापडली. साखळ्या मोजतात ते सातत्य एकाच प्रकारच्या पाहुण्याला वेगवेगळ्या शहरांत मिळणाऱ्या वागणुकीचे असते. ओळख लपवून येणारा परीक्षकसुद्धा चांगल्या बॅगेसह, टॅक्सीतून, इस्त्रीच्या कपड्यांत येतो. शबनम घेऊन तो कधी येत नाही, म्हणून शबनमचे गुण कधी नोंदले जात नाहीत. ज्या सातत्याची समाजाला गरज आहे ते याच्या काटकोनात आहे. एकाच दारात, एकाच दिवशी, वेगवेगळ्या प्रकारच्या माणसांना सारखी वागणूक मिळते का, हा तो प्रश्न. उशी सगळीकडे सारखी असणे सोपे आहे. नजर सारखी असणे अवघड आहे.

प्रमाणाची दुसरी बाजू काउंटरच्या आतल्या माणसाची. जॉर्ज ऑर्वेल १९२९ च्या सुमारास पॅरिसच्या एका बड्या हॉटेलात भांडी घासत होता. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' या पुस्तकात त्याने स्वयंपाकघर आणि भोजनगृह यांच्यामधल्या दाराचे वर्णन केले आहे. ते दार ओलांडताना वेटरचा सबंध देह पालटतो. आत शिव्या देणारा माणूस बाहेर पाऊल टाकताच पुजाऱ्यासारखा गंभीर होतो. त्यानंतर अर्धशतकाने, १९८३ मध्ये, आर्ली हॉशचाइल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातील परिचारिकांचा अभ्यास करून 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली. हसणे हाच कामाचा भाग झाला की माणूस स्वतःच्या हसण्याचा मालक राहत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. माझा विद्यार्थी विभागाच्या दारात छातीवर हात ठेवून उभा राहिला आणि हसला, त्या हसण्यात मला हा सगळा ग्रंथ दिसला. ती त्याची खूण नव्हती, पण आता त्याच्या हाताला तीच येत होती.

मात्र इथे घाईने निष्कर्ष काढू नये. नियम आणि माणुसकी यांत वैर असलेच पाहिजे असे नाही, याचा पुरावा पुन्हा मुंबईतच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताजमधील कर्मचारी ज्या रीतीने वागले त्यासाठी कोणत्याही एसओपीत कलम नव्हते. स्वयंपाकघरातील माणसांनी पाहुण्यांना बाहेर काढताना स्वतःच्या देहांची भिंत केली. त्यांतील कित्येक परतले नाहीत. महाव्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुले त्याच इमारतीत मरण पावली आणि ते कामावरून हलले नाहीत. रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'च्या डिसेंबर २०११ च्या अंकात या वागण्याची कारणे शोधण्याचा प्रयत्न केला. त्यातील तीन गोष्टी आपल्या विषयाला थेट भिडतात. एका पाहुण्याचा दिवसभरात कर्मचाऱ्यांशी चाळीस-पंचेचाळीस वेळा संबंध येतो आणि त्यांतील बहुतेक वेळी वरिष्ठ जवळ नसतात, ही पहिली. प्रशिक्षण इतरत्र बारा महिन्यांचे असते तिथे अठरा महिन्यांचे दिले जाते आणि त्यात ठोकळेबाज वागण्यापेक्षा प्रसंग ओळखून वागायला शिकवले जाते, ही दुसरी. भरती महानगरांतून करण्यापेक्षा लहान शहरांतून करण्याकडे कल असतो, कारण तिथे जुनी मूल्ये टिकून असतात अशी धारणा आहे, ही तिसरी.

तिसऱ्या मुद्द्यापाशी परभणीच्या माणसाने थोडे थांबले पाहिजे. आपल्या मुलांच्या स्वभावाची अशी किंमत कोणी ओळखत असेल तर आनंदच आहे. पण 'लहान गावचा, संस्कारी, नम्र' या विशेषणांत 'न बोलणारा, न मागणारा' असा अर्थ कधी मिसळतो ते कळत नाही. आणि त्याहून मोठी विसंगती अशी की, ज्या गावाकडच्या आस्थेसाठी या मुलाला निवडायचे, तिचाच पहिला उच्चार त्याच्या ओठांतून काढून टाकायचा. माणूस घ्यायचा जिंतूरचा आणि 'बसा, पानी घ्या' एवढे मात्र नको. विहीर पाण्यासाठी खोदायची आणि पाणी लागले की ओलाव्याची तक्रार करायची, असाच हा प्रकार झाला.

साखळ्यांना हे कळत नाही असेही नाही. रिट्झ-कार्लटन या जगप्रसिद्ध साखळीने आपल्या साध्यातल्या साध्या कर्मचाऱ्याला, पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी वरिष्ठांना न विचारता दोन हजार डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा दिल्याचे उदाहरण व्यवस्थापनाच्या वर्गांत नेहमी दिले जाते. तिथे रकमेपेक्षा त्यामागचा विश्वास मोठा आहे. नियम कुठे संपतो आणि कर्मचाऱ्याचा विवेक कुठे सुरू होतो, ती रेषा तिथे नियमानेच आखून दिली आहे. चांगले व्याकरणही असेच असते. ते वाक्य कसे चुकू नये हे सांगते, वाक्य कोणते बोलावे हे सांगत नाही.

तेव्हा वरिष्ठांच्या प्रश्नाला मी असे उत्तर देईन. काही गोष्टी जयपुरात, गोव्यात, मुंबईत आणि संभाजीनगरात तंतोतंत सारख्या असल्याच पाहिजेत : पाण्याची शुद्धता, आगीच्या वेळची तयारी, बिलाचा प्रामाणिकपणा, थांबावे लागण्याचा वेळ, आणि दारातल्या माणसाकडे पाहण्याची नजर. यांत लहरीला जागा नाही, कारण लहरीचा फटका नेहमी दुबळ्यालाच बसतो. पण शब्द, उच्चार आणि आपुलकीची रीत सारखी असण्याची गरज नाही. जयपूरच्या काउंटरवर त्या आजींना मराठी बोलणारा भेटणार नाही, हे खरे. पण कोणी मारवाडी मुलगा 'पधारो' म्हणून काउंटरच्या बाहेर आला, त्यांना बसवून पाणी दिले आणि कार्ड कसे लावायचे ते खुणांनी दाखवले, तर सातत्य भंगले की टिकले? मी म्हणतो, टिकले. समोरच्या गोंधळलेल्या माणसासाठी काउंटरच्या बाहेर यावे, एवढेच प्रमाण असू द्यावे. बाहेर आल्यावर कोणत्या भाषेत बोलावे, हे तिथल्या मातीवर सोडावे. अनुवाद शिकवताना आपण दुसरे काय सांगतो? शब्द बदलले तरी चालतील, आशय हरवता कामा नये.

याला एक पुस्ती जोडली पाहिजे. ज्या साखळीला आपल्या सातत्याचा अभिमान आहे तिने तो मागच्या दारापर्यंत न्यावा. हॉटेल उद्योगात सफाई, सुरक्षा, धुलाई ही कामे पुष्कळदा कंत्राटावर दिली जातात. समोरच्या दिवाणखान्यात प्रत्येक शहरी तीच फुले आणि मागे मात्र एकाच कामाला दोन वेगळी वेतने, हे सातत्य अर्धे आहे. फाटकावरच्या ज्या माणसाने मला बाजूच्या दाराकडे पाठवले, तो स्वतः रोज त्याच दाराने आत जात असणार. ज्याला कधी समोरचे दार मिळाले नाही त्याने ते सर्वांसाठी सारखे उघडावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

आमच्या जिल्ह्यातील गंगाखेड हे जनाबाईंचे जन्मगाव मानले जाते. जन्मभर दुसऱ्याच्या घरी राबलेल्या या बाईने स्वतःला दासी म्हणवून घेतले, आणि तरीही मराठीत सेवेला इतकी ताठ मान दुसऱ्या कोणी क्वचितच दिली असेल. तिच्या अभंगांत आणि तिच्याविषयीच्या कथांत विठ्ठल दळायला बसतो, शेण्या वेचतो, पाणी भरतो. ज्याची सेवा करायची तोच सेवेला हात लावतो, अशी ती उलटापालट आहे. हॉटेलात असे घडणार नाही, घडावे अशी अपेक्षाही नाही. तिथे पैसे मोजलेले असतात. पण आजीबाईंनी विचारलेल्या त्या साध्या प्रश्नात या उलटापालटीचा अंश होता. सेवा घ्यायला आलेल्या बाईने सेवा देणाऱ्याचे गाव विचारले. त्या क्षणी तो कर्मचारी राहिला नाही, कोणाचा तरी लेक झाला. प्रमाणाला हा प्रश्न अपेक्षितच नव्हता, म्हणून त्याचे उत्तरही त्यात लिहिलेले नव्हते.

परवा मी त्याला फोन करून हे सगळे, थोडक्यात, सांगितले. वरिष्ठांचे म्हणणे पूर्ण चूक नाही, हेही सांगितले. रांगेत मागे उभ्या असलेल्या पाहुण्यांचाही त्या वेळेवर हक्क होता, एवढे त्याने लक्षात ठेवावे. तो ऐकत होता. मग म्हणाला, "सर, ते आजी-आजोबा निघताना मला शोधत होते. माझी पाळी संपली होती. जाताना काउंटरवर माझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू ठेवून गेले. ते घ्यावेत की नाही, यालाही नियम आहे." मी विचारले, मग काय केलेस? "नियमाप्रमाणे वहीत नोंद केली," तो म्हणाला, "आणि सगळ्यांनी मिळून खाल्ले. साहेबांनीही एक घेतला."